दगावला उन्हाने, नोंद मात्र ‘हृदयविकार’! उष्णतेचे बळी मोजतात तरी कसे?

पवनी (जि. भंडारा) : मे महिन्यात पवनी तालुक्यात उन्हाळी धानाची कापणी आणि तेंदूपत्त्याची तोडणी सुरू असते. २५ मेपासून नवतपा लागतो. म्हणजे पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हाच उघड्यावरची कामे जोरात असतात. तरीही उष्माघाताच्या मृत्यूंचा सरकारी आकडा लहानच दिसतो. असे का?

ऊन शरीरात काय करते?
शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय जास्त रक्त त्वचेकडे ढकलते. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. विदर्भातील कोरड्या हवेत घाम लगेच उडतो. अंग फारसे ओले दिसत नाही, त्यामुळे किती पाणी गेले हेच कळत नाही. हृदय आणि मूत्रपिंडांवर ताण वाढतो. शरीराचे आतील तापमान ४० अंशांवर जाऊन बरळणे, झटके किंवा बेशुद्धी आली, की तो उष्माघात.

मग नोंद का होत नाही?
उष्माघात हे उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंचे केवळ एक कारण आहे. हृदयरोग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस त्या टप्प्याआधीच दगावू शकतो. तेव्हा कारण लिहिले जाते ‘हृदयविकार’. मृत्यू रात्री घरी झाला, तर अंगाचा ताप कुणी मोजलेलाही नसतो. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते.

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा पारा चाळिशीच्या आत होता. एकाच सोहळ्याशी जोडलेले असल्यामुळे ते मृत्यू राज्याला दिसले. गावोगावी एकेकटे दगावणारे दिसत नाहीत.

अहमदाबादने कसे मोजले?
मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. संशोधकांनी मृत्यूचे कारण बाजूला ठेवून शहरातील एकूण मृत्यू मोजले. ते भरले ४,४६२. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. यांना ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा लागू केला. पुढे नागपूरनेही तो आणला.

पवनीत हे जमेल का?
एकट्या पवनीत दिवसाचे मृत्यू मोजकेच असतात, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींकडे मृत्यूची तारीख नोंदलेली असते. जिल्ह्याच्या अशा नोंदी एकत्र करून काही वर्षांच्या तापमानाशी ताडून पाहिल्या, तर चित्र स्पष्ट होऊ शकते. कामाच्या वेळा कधी बदलायच्या, रुग्णालयात खाटा कधी वाढवायच्या, हे त्यावरूनच ठरवता येईल.

घरच्यांनी काय करावे?
● माणूस बरळू लागला, तर लगेच १०८ वर फोन करा.
● सावलीत न्या, अंगावर भरपूर थंड पाणी ओता, वारा घाला.
● शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नका.
● तो उन्हात किती वेळ होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपचार आणि नोंद, दोन्हींसाठी ही माहिती महत्त्वाची ठरते.