चेन घसरते? पार्ट मागवण्याआधी पाना मुलांच्या हातात द्या



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या गटात हा प्रश्न येतोच. "मुलाच्या सिंगलस्पीड माउंटन बाइकची चेन चढावर घसरते. चेन बदलू की सायकलच बदलू?" उत्तरंही ठरलेली असतात. दुकानात टाका, नवी घ्या, सेल चालू आहे. माझं मत वेगळं आहे. कारण सापडेपर्यंत एकही पार्ट बदलू नका. आणि कारण शोधायचं काम मुलांना करू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.

मी सीए आहे. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की फरक सस्पेन्स अकाउंटला टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. त्या दिवशी कागद जुळतो, पण चूक जागच्या जागी राहते. न तपासता नवी चेन टाकणं म्हणजे असंच आहे.

घसरणारी चेन किरकोळ समजू नका बरं. चढावर मूल उभं राहून सगळं वजन पेडलवर टाकतं. त्याच क्षणी चेन सुटली तर पाय एकदम खाली जातो, गुडघा हँडलवर आपटतो किंवा मूल सायकलसकट पडतं. "बघू पुढच्या महिन्यात" हे उत्तर इथे चालणार नाही. तोपर्यंत उभं राहून पेडल मारणं बंद.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, फुकटातलं आधी आणि खर्चाचं शेवटी. एक नियम मात्र कडक पाळा: पेडल फिरत असताना बोटं किंवा फडकं चेनजवळ न्यायचं नाही.

१. ताण. खालच्या बाजूच्या चेनला मधोमध वर-खाली हलवून बघा. साधारण अर्धा इंच हलली तर ठीक. पुढचं दातेरी चक्र क्वचितच तंतोतंत गोल बसलेलं असतं, म्हणून पेडल थोडं थोडं फिरवून चेन सगळ्यात घट्ट कुठे होते ते शोधा आणि ताण तिथे ठरवा. सायकलला स्प्रिंगचा टेन्शनर असेल, तर तो चेनला वर ढकलणारा असलेला बरा. मागच्या चक्राचे जास्त दाते चेनमध्ये अडकतात.

२. मागचं चाक. अ‍ॅक्सल फ्रेमच्या आडव्या खाचांत नटांनी आवळलेला असेल, तर जोर लागल्यावर तो पुढे सरकू शकतो. मार्करने अ‍ॅक्सलच्या जागेची फ्रेमवर खूण करा, मुलाला एक चढ चढून येऊ द्या आणि पुन्हा बघा.

३. रेष. मागून, चेनच्या उंचीवर डोळा नेऊन बघा. पुढचं आणि मागचं चक्र एका सरळ रेषेत हवं. चेन तिरकी जात असेल तर ती उतरायला बघणारच.

४. घट्ट कडी. पेडल सावकाश उलटं फिरवा. एखादी कडी न वाकता उडी मारत जात असेल तर तीच आडमुठी आहे.

५. झीज. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मि.मी., म्हणजे अर्धा इंच. एका पिनेच्या मधोमध स्टीलच्या पट्टीचं शून्य ठेवा. तिथून पुढची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे गेली तर बहुतेक चक्रांचे दातेही खाल्ले गेलेले असतात. अशा दात्यांवर नुसती नवी चेन टाकली तर ती आणखी घसरते.

६. फ्रीव्हील. झटका बसतो, पण चेन दात्यांवरून हललेलीच नाही? मग घसरतंय ते फ्रीव्हीलच्या आत. तिथले खटके घाणीने चिकटलेत किंवा झिजलेत. हे काम दुकानाचं.

गिअरची सायकल सिंगलस्पीड करून घेतली असेल तर आणखी एक बघा. गिअरसाठी बनवलेल्या चक्राचे दाते मुद्दाम असे कापलेले असतात की चेन सहज दुसऱ्या चक्रावर जावी. सिंगलस्पीडला उंच, साध्या दात्यांचं चक्र हवं.

आम्ही बे एरियात राहतो. माझ्या १३ वर्षांच्या मुलीच्या सायकलसाठी एका दुकानाने चेन, दोन्ही चक्रं आणि मजुरी मिळून १८० डॉलरचा अंदाज दिला होता. तिने पट्टीने मोजलं, चेन बरोबर १२ इंच. मग मार्करची खूण केली. एका चढानंतर अ‍ॅक्सल खुणेच्या पुढे आलेला. चाक मागे ओढलं, दोन्ही बाजूंना सारखं बसवलं, १५ नंबरच्या पान्याने दोन्ही नट आळीपाळीने आवळले. चाक हललं म्हणून ब्रेकही पुन्हा तपासला. खर्च शून्य. दुकानं लबाड असतात असं मी म्हणत नाही. वेळ लावून शोधण्यापेक्षा सगळं बदलणं त्यांना सोपं पडतं, इतकंच.

तुम्ही म्हणाल, आमच्या तासाला किंमत आहे, १८० डॉलर देऊन विषय संपवू. हिशोब म्हणून बरोबर आहे, पण त्यात एक रक्कम धरायची राहते. "आधी मोजायचं, मग बदलायचं" ही सवय मुलांना दुकानातून विकत मिळत नाही. त्यांच्या कोडिंग क्लासला आपण महिन्याला फी भरतो. तिथेही शेवटी हेच शिकवतात, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम बघा.

खरी अडचण वेगळीच आहे, असं मला वाटतं. आपल्या घरांत हात काळे करायचं काम दुसऱ्याचं मानलं गेलं. कोपऱ्यावरचा सायकलवाला चाक मागे ओढून दोन नट आवळायचा आणि आपण बाजूला उभे राहायचो. आजोबांची ती काळी सायकलसुद्धा सिंगलस्पीडच होती की! तेच ज्ञान आज इथे अंदाजपत्रकात छापून येतं.

आणि माउंटन बाइक जन्मलीच मुळी हात काळे करणाऱ्यांमुळे. इथल्याच मरिन काउंटीत १९७६ साली 'रिपॅक' ही उताराची शर्यत सुरू झाली. जुन्या, जड सायकलींवर ती पोरं उतरायची. पायाच्या ब्रेकने हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून नाव रिपॅक.

तेव्हा या शनिवारी एक स्टीलची पट्टी, एक मार्कर आणि १५ नंबरचा पाना काढा. पहिल्या पाच पायऱ्या मुलांना करू द्या, उत्तर माहीत असलं तरी तुम्ही गप्प बसा. सहाव्या पायरीपर्यंत पोचलात, फ्रेमला तडा दिसला किंवा ब्रेकबद्दल शंका आली, तर खुशाल दुकानात जा. पण तिथे काय बिघडलंय ते मुलांनाच सांगू द्या.