वाड्याचे लाकूड आणि वाड्याचा दरवाजा

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत जुन्या लाकडी वाड्यांचे आकर्षण वाढलेले दिसते. आंग मो किओच्या दहाव्या-बाराव्या मजल्यावरील सदनिकेत वाढणाऱ्या मुलांना ‘आपले गावाकडचे घर’ म्हणून वाड्याचे चित्र दाखविले जाते. आमचे मत असे की, ते चित्र अवश्य दाखवावे. परंतु ते आपले घर होते, असे मात्र सांगू नये.

वाड्याची रचना खरोखरच अभ्यासण्याजोगी आहे. दगडी जोते, त्यावर घडीव तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट, व देशावर त्याहीवर मातीचे माळवद. आतला बराचसा भार खांब पेलतात. आतल्या भिंती पुष्कळदा केवळ आडोशापुरत्या. खाचेत कुसू बसवून सांधे जुळविलेले असतात. घर किती मोठे, हे फुटांत नव्हे तर खणांत सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. हे सारे कौशल्य गावच्या सुताराचे. तो बलुतेदार, त्याची मजुरी सुगीला धान्यात मिळे. वाडा मात्र मालकाच्या नावाने ओळखला जाई. शेतकऱ्याचाच वाडा असल्याने भिंतीच्या पोटात धान्याचे बळद, अंगणात पेव आणि पुष्कळदा दरवाजाच्या आतच गोठा असे.

या गोठ्यापाशी आपण थांबले पाहिजे. बैलाला दरवाजाच्या आत जागा होती. रात्री गावाचा पहारा करणाऱ्या, सरपण वाहणाऱ्या, सांगावा पोचविणाऱ्या वतनी महाराला ती नव्हती. दिंडीदरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर हा क्रम वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रकाश आणि वाऱ्याची योजना म्हणून शिकविला जातो, व ती तशी आहेही. पण कोणत्या माणसाने कोणत्या पायरीपर्यंत यावे, याचाही तो नकाशा आहे. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडले. दिनांक ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचा गौरव करण्यास साफ नकार दिला. त्याचे कारण ज्यांना समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी एखाद्या वाड्याचा आराखडा समोर घेऊन बसावे.

आपण आज राहतो त्या भूमीवरही लाकडी घरे होती. १९७३ साली नव्या वसाहतीचे काम सुरू होण्यापूर्वी आंग मो किओच्या परिसरात रबराचे मळे, भाजीचे वाफे, वराहपालनाच्या वाड्या आणि कंपोंग म्हणजे खेडी होती. मलय पद्धतीचे घर खांबांवर उचललेले असते. खालून वारा खेळतो, पुराचे पाणी निघून जाते. निपा ताडाच्या पानांचे छप्पर, फळ्यांच्या भिंती, पुढे पाहुण्यांसाठी ओसरी, मागे स्वयंपाकघर. येथून पूर्वेस फार दूर नसलेल्या लोरोंग बुआंगकोक येथे असे एक खेडे अजून उभे आहे. १९५६ पासूनच्या त्या वस्तीत मलय आणि चिनी कुटुंबे शेजारी नांदली.

येथील वृद्धांनाही त्या घरांची ओढ वाटते. मात्र २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी येथील आगीत सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले, हे ते विसरत नाहीत. आठवण काढतात ती शेजाऱ्यांची. आपल्या वाडाप्रेमात या शेजाऱ्याचाच पत्ता नसतो! येथे १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबे असावीत याची मर्यादा ठरलेली आहे. घर विकताना हा नियम जाचतो, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. तरीही आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. शेजारी कोण असावा, हे आपल्या गावांतही ठरलेलेच होते. फक्त तेथील नियम गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी होता.

वाड्यांची मोजमापे घेतली जातात, आराखडे छापले जातात. महारवाड्यातील घरे कोणी मोजली? मातीची भिंत, बाभळीची मेढ, गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर. वरचेवर शाकारावे लागणारे हे घर पन्नास वर्षे टिकून वारसा कसे ठरणार? ते केवळ आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि ती पिढी झपाट्याने जात आहे.

म्हणून आमची सूचना अशी. पुढील सुटीत गावी जाल तेव्हा मुलांच्या हाती चौकटीची वही द्यावी. आजी-आजोबांना विचारून जुन्या घराचा आराखडा काढावा: किती खण, चूल कोठे, निजण्याची जागा कोणती, पाणी किती दूरवरून येई, मेढी कोणी रोवल्या. शेजारच्या पानावर वाड्याचाही आराखडा काढावा, आणि बोलावणे आल्यावर आपले माणूस जेथे उभे राहत असे, तेथे एक ठिपका द्यावा. म्हातारी माणसे दुपारी निवांत असतात. त्या वेळी विचारले तर सविस्तर सांगतात.