तळे बुजवले, कालवा गाडला. आता गाडीही हिरावणार?

चेन्नईचा समुद्रकाठचा उन्नत रेल्वेमार्ग हा ‘पांढरा हत्ती’ आहे, असा घोष भांडवली वृत्तपत्रे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. प्रवासी कमी, तोटा जास्त, स्थानके ओसाड. तेव्हा रेल्वेने हात झटकावेत, मार्ग मेट्रो कंपनीच्या हवाली करावा आणि ‘व्यावसायिक’ दराने चालवावा, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु हा मार्ग कोणाच्या पाण्यावर, कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या श्रमावर उभा राहिला, हा प्रश्न विचारताच त्याचा पाया ढासळतो. चेन्नईतील रेल्वेचा इतिहास हा जलाशयांच्या अपहरणाचा इतिहास आहे. जे सर्वांचे होते ते आधी हिरावले गेले, त्यावर सार्वजनिक पैशाने रेल्वे उभारली गेली, ती जाणूनबुजून अर्धवट ठेवली गेली, आणि आता त्या अर्धवटपणाचा दोष ‘सार्वजनिक’ या शब्दावर ढकलला जात आहे.

तळ्याकाठची पहिली विजेची गाडी

मद्रास हे मुळात तळ्यांचे शहर. पावसाचे पाणी अडवून शेतीला पुरविणारी ‘एरी’ म्हणजे तलाव, ही तामिळ ग्रामसमाजाने शतकानुशतके जोपासलेली व्यवस्था होती. नुंगंबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने पसरलेला ‘लाँग टँक’ हा जलाशय एके काळी शहराची पश्चिम सीमा होता आणि त्याच्या पश्चिम कडेने रेल्वेचा रूळ जात असे. १९२३ पासून हे तळे कोरडे करून तेथे त्यागरायनगर ही वसाहत वसविण्यात आली. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय यांचे नाव तिला मिळाले; तळ्याच्या पाण्यावर जगणाऱ्या कुळांचे नाव कोठेही उरले नाही. आज पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ आहे. रस्ता आहे, पाटी आहे, तळे मात्र नाही.

याच कडेने १९३१ मध्ये मद्रास बीच ते तांबरम ही विजेवरची उपनगरी गाडी सुरू झाली. मुंबईत हार्बर मार्गावर १९२५ मध्ये विजेची गाडी धावल्यानंतर अवघ्या सहा वर्षांतली ही घटना. सुमारे २९ किलोमीटरचा हा मीटरगेज मार्ग साउथ इंडियन रेल्वे कंपनीचा होता. याच कंपनीने १९२८ मध्ये कार्यशाळांतील कामगारांची मोठ्या प्रमाणावर कपात करण्याचा घाट घातला आणि त्याविरुद्ध कामगारांनी ऐतिहासिक संप पुकारला. १ मे १९२३ रोजी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदुस्थानातील पहिला मे दिन साजरा करणारे आणि १९२५ च्या कानपूर कम्युनिस्ट परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारे कॉ. सिंगारवेलू यांना या संपाबद्दल तुरुंगात जावे लागले. संप मोडला गेला आणि तीनच वर्षांनी नवी विद्युत गाडी ‘आधुनिकते’चे प्रतीक म्हणून मिरविण्यात आली. कामगारांना रस्त्यावर काढून आणि तळी आटवून आलेली ही आधुनिकता होती. तरीही त्याच गाडीने पुढे गिरणी, गोदी, कचेरी आणि कारखान्यांतील लक्षावधी श्रमिकांना कामावर पोहोचवले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

दुष्काळाच्या मजुरीवर खोदलेला कालवा

शहराच्या पूर्वेकडची कथा याहून कठोर आहे. आजचा उन्नत मार्ग ज्या बकिंगहॅम कालव्यावर खांब रोवून उभा आहे, त्याचे खोदकाम १८०६ मध्ये मद्रासच्या उत्तरेस सुरू झाले. कूवम आणि अड्यार या दोन नद्यांना जोडणारा शहरातील सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा मात्र १८७७-७८ मध्ये, भीषण दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून खोदला गेला. त्या दुष्काळात निदान पन्नास लाख माणसे मेली. त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच होती.

महाराष्ट्रातील वाचकांना सर रिचर्ड टेंपल हे नाव परके नाही. १८७७ मध्येच ते मुंबईचे गव्हर्नर झाले. त्याआधी, वर्षाच्या आरंभी, दुष्काळाचे खास प्रतिनिधी म्हणून ते मद्रास इलाख्यात गेले आणि दुष्काळी कामांवरील मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य व वर मीठमिरचीपुरते पैसे यांवर आणून ठेवली. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाचे प्राण एवढ्या अन्नावर टिकणार नाहीत, असे मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश बजावत होते. मुंबई इलाख्यात या मजुरीला नकार देऊन दुष्काळी मजुरांनी कामे सोडली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. उपासमारीच्या काठावरचा तो संप आपल्या श्रमिक चळवळीच्या पूर्वेतिहासातील एक मोलाचे पान आहे. मद्रासमध्ये भुकेल्या हातांनी कालवा पुरा केला आणि त्याला नाव मिळाले गव्हर्नरचे, बकिंगहॅमच्या ड्यूकचे.

त्यानंतर अनेक दशके या कालव्यातून मीठ, जळाऊ लाकूड आणि तांदूळ होड्यांनी शहरात येत राहिले. काठावर कोळी, नावाडी, धोबी आणि हमाल यांच्या वस्त्या वाढल्या. पुढे जलवाहतूक मंदावली, गटारे कालव्यात सोडण्यात आली आणि ‘हा तर निरुपयोगी नाला’ असे म्हणायला राज्यकर्ते मोकळे झाले. आधी नासवायचे आणि मग नासले म्हणून बळकावायचे, ही या वर्गाची जुनी रीत आहे.

स्वस्त जमीन कोणासाठी स्वस्त?

उन्नत रेल्वेच्या पहिल्या टप्प्याला १९८३-८४ मध्ये मंजुरी मिळाली. त्या वेळचा अंदाज सुमारे ५३ कोटी रुपयांचा होता. पहिला टप्पा पुरा होईपर्यंत खर्च सुमारे २७० कोटींवर गेला. बीच ते चेपॉक ही गाडी १९९५ मध्ये धावली, १९९७ मध्ये तिरुमयिलैपर्यंत गेली, २००४ मध्ये तिरुवान्मियूरला आणि २००७ मध्ये वेळचेरीला पोहोचली. वीस किलोमीटरहून थोडे कमी अंतर गाठायला मंजुरीपासून पाव शतकाचा अवधी लागला. तामिळ जनतेने तिला ‘परक्कुम रयिल’ म्हणजे उडती गाडी असे नाव दिले. उडणाऱ्या गाडीची सरकारी चाल मात्र गोगलगायीची होती.

मार्ग कालव्यावरच का नेला? कारण कालवा ‘मोकळा’ होता. म्हणजे तेथे बड्या मालमत्तावाल्यांना हात लावावा लागत नव्हता. पात्रात खांब आले, पाण्याची वाट अरुंद झाली. २००८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ घोषित केला, तेव्हा त्यात बकिंगहॅम कालव्याचे उत्तर आणि दक्षिण भाग आले. शहरातील मधला भाग त्यात नाही. दुष्काळग्रस्तांनी दोन टोके जोडण्यासाठी खोदलेला तुकडाच जलमार्गाच्या नकाशातून गळाला.

काठच्या झोपडवस्त्यांचे काय झाले? अनेक कुटुंबांना शहराच्या दक्षिण टोकाला, कण्णगीनगरसारख्या पुनर्वसन वसाहतींत नेऊन टाकण्यात आले. गाडी आली तेव्हा ज्यांच्या दारावरून ती गेली ती माणसे तेथे नव्हती. आणि जेथे ती माणसे पोहोचवली गेली तेथे गाडी नव्हती. घरकाम करणाऱ्या बाया, हमाल, बांधकाम मजूर यांचा रोजगार जुन्या ठिकाणी आणि निवारा नव्या ठिकाणी, अशी फाळणी झाली.

आता दुसरे टोक पाहा. वेळचेरी ते सेंट थॉमस माउंट हा पाच किलोमीटरचा जोडमार्ग २००८ मध्ये हाती घेण्यात आला. अखेरच्या सुमारे अर्ध्या किलोमीटरवर खासगी भूखंड लागले आणि मोबदल्याच्या वादात काम दीड दशकाहून अधिक काळ रखडले. घर जाणाऱ्या माणसाने रास्त मोबदला मागावा, न्यायालयात जावे, यात काहीही गैर नाही. आमचा सवाल निराळा आहे. सातबारासारखा कागद हाती असणाऱ्यांसाठी कायदा पंधरा वर्षे थांबू शकतो, तर पिढ्यान् पिढ्या काठावर राहिलेल्या श्रमिकासाठी तो पंधरा दिवसही का थांबत नाही? अर्धा किलोमीटर मालकी हक्काने रेल्वे अडते; कित्येक किलोमीटर श्रमिकांचा निवारा मात्र ‘अतिक्रमण’ ठरतो. कायद्याचे वर्गीय स्वरूप समजावून सांगायला याहून स्पष्ट उदाहरण कशाला हवे?

तोटा की रचलेले अपयश?

प्रवासी अपेक्षेपेक्षा फार कमी आले, हे खरे आहे. परंतु का आले नाहीत? भव्य स्थानके बांधली. वरचे मजले दुकाने आणि कचेऱ्यांसाठी राखले. त्यांतील बराच भाग वर्षानुवर्षे रिकामा राहिला. रात्री ओसाड जिने चढणे स्त्रियांना असुरक्षित वाटे. बस एका रस्त्याला, स्थानक दुसऱ्या, अशी स्थिती. सर्व वाहतूक एका सूत्रात आणणाऱ्या महानगर प्राधिकरणाचा कायदा २०१० मध्ये झाला आणि ते प्रत्यक्ष कामाला लागण्यात दशकाहून अधिक काळ गेला. आपल्या मानखुर्द-वाशी मार्गाचा पैसा सिडको आणि रेल्वे यांनी ६७ आणि ३३ टक्के या प्रमाणात घातला होता. चेन्नईच्या दुसऱ्या टप्प्यातही राज्याचा वाटा सुमारे दोनतृतीयांश आहे. येथेही स्थानकांवर कचेऱ्यांचे इमले चढवले गेले. फरक इतकाच, की वाशीची गाडी थेट मुंबईच्या गर्दीच्या जाळ्यात मिसळली. वेळचेरीची गाडी दीर्घकाळ एका टोकाला लोंबकळत राहिली. ज्या जोडमार्गाने ती दक्षिणेकडच्या उपनगरी मार्गाला मिळणार होती, तोच रखडला होता.

एवढ्यावर भागले नाही. बीच ते एग्मोर चौथी मार्गिका टाकण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये बीच ते चिंताद्रिपेट ही सेवाच बंद करण्यात आली. सात महिन्यांचे आश्वासन होते; गाडी पुन्हा धावली ऑक्टोबर २०२४ अखेर, चौदा महिन्यांनी. लांब पल्ल्याच्या गाड्यांना मार्गिका हवी, हे मान्य. पण रोज कामावर जाणाऱ्याची गाडीच प्रथम का तोडायची? आणि तोडल्यावर प्रवासी घटले, तर तो गुन्हा प्रवाशाचा कसा?

पाणी आपला हिशेब मागते

कालवा आवळला, तळी बुजवली, याची किंमत कोणी मोजली, हे डिसेंबर २०१५ च्या महापुराने दाखवले. अड्यार नदी फुगली, कोट्टूरपुरम, सैदापेट, वेळचेरी पाण्याखाली गेले. त्या पावसाळ्यात राज्यात चारशेहून अधिक माणसे दगावली. डिसेंबर २०२३ च्या चक्रीवादळात पुन्हा वेळचेरी आणि पळ्ळिकरणै परिसर बुडाला. पळ्ळिकरणैच्या विस्तीर्ण दलदलीचा आता अल्पसा भागच शिल्लक आहे. उरलेल्या जागेवर रस्ते, संगणक कंपन्यांचे मनोरे आणि पेरुंगुडीचा कचऱ्याचा डोंगर उभा राहिला. २०२२ मध्ये या उरल्यासुरल्या दलदलीला रामसर यादीत स्थान मिळाले. पण यादीत नाव आल्याने पाण्याला वाट मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीने मुंबईला हाच धडा शिकवला होता.

काही पर्यावरणवादी यावरून रेल्वेलाच आरोपी ठरवतात. ही दिशाभूल आहे. दलदलीवर मनोरे रेल्वेने बांधले नाहीत. लक्षावधी मोटारींच्या शहरात विजेवर धावणारी स्वस्त गाडी हा गुन्हा नसून गरज आहे. गुन्हा आहे तो पाणी आणि गरिबांचा निवारा यांना फुकटची जमीन समजणाऱ्या नियोजनाचा.

हस्तांतरण कोणाच्या हितासाठी?

२०२५ मध्ये हा मार्ग चेन्नई मेट्रो कंपनीकडे सोपविण्यास रेल्वे मंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. ही कंपनी केंद्र आणि राज्य यांच्या मालकीची आहे. तेव्हा हे उघड खासगीकरण आहे असे आम्ही म्हणत नाही. एकाच यंत्रणेखाली वाहतूक येण्यालाही आमचा तत्त्वतः विरोध नाही. परंतु रेल्वेचे तिकीट पाच रुपयांपासून, मेट्रोचे दहापासून पन्नासपर्यंत, हे अंतर श्रमिकाच्या पगारात मोजावे लागते. आणि मेट्रोतील कामगारांना बडतर्फीविरुद्ध व कंत्राटी पद्धतीविरुद्ध २०१९ मध्ये संपावर जावे लागले होते, हेही विसरता येत नाही. चकचकीत डबे, दुप्पट भाडे आणि कंत्राटी कामगार, असा जर ‘सुधारणे’चा अर्थ असेल, तर तो १९२८ च्या कंपनीचाच नवा अवतार ठरेल.

म्हणून कामगार चळवळीने पुढील मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत :

हस्तांतरण झाले तरी उपनगरी रेल्वेचे भाडे आणि मासिक पास कायम राहिले पाहिजेत.

रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या व सेवाशर्ती अबाधित राहिल्या पाहिजेत. कायमस्वरूपी कामावर कंत्राटी भरती बंद झाली पाहिजे.

स्थानकांतील रिकाम्या जागा बड्या व्यापाऱ्यांना न देता पाळणाघरे, दवाखाने, ग्रंथालये आणि फेरीवाल्यांचे बाजार यांसाठी खुल्या केल्या पाहिजेत.

कण्णगीनगर, सेम्मंचेरी आणि पेरुंबाक्कम येथील विस्थापित वसाहतींना स्थानकांशी जोडणारी स्वस्त आणि वारंवार बससेवा मिळाली पाहिजे.

कालव्याचे पात्र आणि पळ्ळिकरणैची दलदल मोकळी करताना सुरुवात काठच्या झोपडीपासून नव्हे, तर पाण्याची वाट अडवणाऱ्या बड्या बांधकामांपासून झाली पाहिजे.

भुकेल्या माणसांनी एक पौंड धान्यावर खोदलेल्या कालव्यावर ही गाडी धावते. तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, याचा निवाडा कंपनीच्या ताळेबंदात होणार नाही. तो संघटित श्रमिकांच्या लढ्यात होईल. चेन्नईच्या साथींचा हा प्रश्न मुंबई, नागपूर आणि पुण्याचाही प्रश्न आहे. जेथे जेथे नदी, तळे, खाडी आणि झोपडी यांना ‘मोकळी जमीन’ म्हटले जाते, तेथे तेथे हा लढा आपला आहे.