भिंतीला ओल आणि बाळाच्या उशाशी ह्युमिडिफायर!

पावसाळ्यात मुंबई, ठाणे आणि कोकणातले पालक हमखास एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, मुलाचा खोकला जात नाही. ह्युमिडिफायर घेऊ का? कोरड्या हवेने प्रतिकारशक्ती कमी होते असं वाचलं." बरेचदा प्रश्न विचारेपर्यंत ते यंत्र घरी आलेलेही असते. माझे उत्तर सरळ आहे : घेऊ नका. घेतले असेल तर बंद करा.

वाचलेले खोटे नाही, पण ते आपल्या घराबद्दल नाही

आपल्या नाकाच्या आणि श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात व त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ आणि जंतू या थरात अडकतात आणि केस त्यांना घशाकडे ढकलत राहतात. हवा फार कोरडी झाली की थर घट्ट होतो आणि ही सफाई मंदावते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांवर हे दाखवले. फ्लूची लागण केल्यावर १० ते २० टक्के आर्द्रतेतले उंदीर ५० टक्के आर्द्रतेतल्या उंदरांपेक्षा जास्त आजारी पडले.

पण घरात एवढी कोरडी हवा कुठे असते? शिकागोत, टोरांटोत. तिथे बाहेरची शून्य अंशाची हवा हीटरने २२ अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता ८० वरून सुमारे २० टक्क्यांवर येते. तिथल्या मराठी मंडळींनी हिवाळ्यात ह्युमिडिफायर जरूर वापरावा. पण लेकाकडे हिवाळा काढून आलेल्या आजीने तोच बॅगेत घालून डोंबिवलीला आणावा, हे काही पटत नाही. डोंबिवलीत जुलैमध्ये बाहेरच आर्द्रता ८०-९० टक्के असते!

"पण आम्ही एसी लावतो ना?" एसीच्या पाइपमधून ठिबकते ते पाणी तुमच्या खोलीच्या हवेतलेच असते. पावसाळ्यात एसी आर्द्रता साधारण ५०-६० टक्क्यांवर आणतो, म्हणजे जवळपास हवी तिथेच. घसा सुकत असेल तर तापमान १८ ऐवजी २६ ठेवा आणि फिल्टर धुवा. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा खरोखर कोरडा असतो, पण तिथे कूलर हेच काम करतो. फक्त खिडकी उघडी ठेवा आणि टाकीतले पाणी वरचेवर बदला.

खरा शत्रू भिंतीवर आहे

आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की गादी-उशीतले धुळीतले किडे, म्हणजे डस्ट माइट, जोमाने वाढतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतूनच ओलावा घेतात. भिंत सतत ओली राहिली की बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे की ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दम्याचा त्रास वाढतो.

आणि आपण काय म्हणतो? "पावसाळ्यात चालायचंच." वरच्या मजल्यावरून गळती, सोसायटीत वर्षभर वाद, दिवाळीला काळ्या डागांवर नवा रंग. पुढच्या जूनमध्ये डाग परत आणि मुलाच्या हातात पंपही परत. पंप जरूर द्या, तो बंद करू नका. पण ज्या भिंतीला मुलाचा पलंग टेकलेला आहे ती ओली ठेवून केलेला उपचार अर्धाच असतो. खोकल्याचे औषध लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने "घरात ओल आहे का?" हे विचारलेच पाहिजे.

ब्रिटनमध्ये रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक मूल दगावले. घरातली बुरशी हेच त्याच्या श्वसनविकाराचे कारण, असा अधिकृत चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर तिथे सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांवर ठरावीक मुदतीत ओल दूर करण्याचे कायदेशीर बंधन आले. आपल्याकडे मात्र ओल हा अजून रंगाऱ्याचा विषय आहे.

मग करायचे काय?

- काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घ्या. ४० ते ६० टक्के हे लक्ष्य ठेवा.
- झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. मशीनभर कपड्यांतले लिटर-दोन लिटर पाणी शेवटी हवेतच जाते.
- पलंग आणि कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.
- आंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट फॅन लावा.
- शक्य असेल तर रात्री एसी 'ड्राय' मोडवर चालवा.
- बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून भिंत कोरडी करा. त्या वेळी दम्याच्या रुग्णाला घरात ठेवू नका. गळती थांबल्याशिवाय रंग लावू नका.

ह्युमिडिफायरचे पैसे अजून खर्च झाले नसतील तर त्यात थोडी भर घालून प्लंबरला बोलवा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत गळतीचा विषय निघाला की "भिंत खराब होते" एवढेच सांगून खाली बसू नका. "माझ्या मुलाला धाप लागते" असे सांगा. ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.