वर गुहा आहेत ना!

या आठवड्यात एका ट्रेक आयोजकाचा मेसेज वाचून डोकं तापलं. भर पावसात हरिश्चंद्रगड. सोबत काय आणायचं याची लांबलचक यादी: पोंचो, पॉवर बँक, कोरड्या कपड्यांचा जोड, ओळखपत्र, फोटोसाठी ग्रुपचा टी-शर्ट. सगळी यादी येणाऱ्यांसाठी. लीडर त्याच्या सॅकमध्ये काय घेणार, याबद्दल अवाक्षर नाही. फोन लावला आणि विचारलं, "ग्रुप शेल्टर आहे का तुमच्याकडे?" पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, वर गुहा आहेत ना, टेन्शन नका घेऊ."

गुहा आहेत, मान्य. पण तिथे पोचता आलं तर! 2023 च्या ऑगस्टमध्ये याच गडाच्या वाटेवर एक गट धुक्यात आणि पावसात वाट चुकला, रात्र जंगलात काढावी लागली आणि त्यातला एक जण गारठून गेला. सह्याद्रीत बर्फ पडत नाही म्हणून इथे थंडीने कोणी मरत नाही, हा समज आपल्या डोक्यातून जाता जात नाही. अंगावर भिजलेला सुती टी-शर्ट, पठारावरचा सोसाट्याचा वारा, पोटात सकाळचे पोहे, आणि धुक्यात वाट सापडेना म्हणून एका जागी थांबणं, एवढं पुरतं. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली उतरलं की धोका सुरू होतो, आणि त्यासाठी बाहेर शून्य अंश लागत नाही.

ज्यांना ग्रुप शेल्टर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पातळ नायलॉनची, भडक रंगाची, बिनतळाची मोठी पिशवी. खांब नाहीत, दोऱ्या नाहीत. सगळ्यांनी मिळून डोक्यावरून घ्यायची, आत सॅकवर बसायचं आणि कड अंगाखाली दाबून धरायची. माणसांची डोकी आणि पाठी हाच तिचा सांगाडा. वारा आणि पाऊस बाहेर राहतो, आत आपल्याच अंगाची ऊब साठते. चौघांचं शेल्टर अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. ब्रिटनमध्ये त्याला बोथी बॅग म्हणतात आणि डोंगरात गट नेणाऱ्या लीडरच्या सॅकमध्ये ती असते.

गुहेच्या भरवशाचं म्हणाल तर स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्म पठारावरची 1971 च्या नोव्हेंबरमधली घटना प्रत्येक लीडरला माहीत हवी. एडिंबरातल्या शाळकरी मुलांचा एक गट तिथल्या करन नावाच्या छोट्या निवाऱ्याकडे निघाला होता. हिमवादळात तो निवारा गाठता आला नाही. उघड्यावर दोन रात्री गेल्या. पाच मुलं आणि एक शिकाऊ प्रशिक्षक, असे सहा जण दगावले. उंचावरच्या अशा निवाऱ्यांच्या भरवशावर लोक नको त्या हवेत वर जातात, असा वाद पुढे बरीच वर्षं चालला आणि 1975 मध्ये तो निवारा काढूनच टाकला. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की पाठीवरचा निवारा शोधावा लागत नाही.

नाणेघाटाच्या पठारावर आम्ही आठ जण ग्रुप शेल्टरमध्ये बसलो होतो तो पाऊस मला अजून आठवतो. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं आणि मग कापड उलगडायचं, नाहीतर ते हातातून निसटतं. आत गेल्यावर आधी काहीच ऐकू येत नाही, कापड कानाशी फडफडत असतं. चष्मे धुरकट होतात. गुडघ्याला गुडघे लागलेले, ओल्या मोज्यांचा वास, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर नारिंगी उजेड. या उजेडात फसायला होतं: ओठ निळे पडलेत का ते कळत नाही. म्हणून माणसाला बोलतं करायचं. आमच्यातली कॉलेजातली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. तिला बोटं वळवून चिक्कीचा कागदही फाडता येईना. शेजारणीने फाडून दिला, ओला टी-शर्ट काढायला लावून कोरडा स्वेटर चढवला. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "ताई, अजून एक चिक्की आहे का?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. ती मुलगी आधी का बोलली नाही? कारण आपल्या ट्रेकमध्ये थांबणं कमीपणाचं ठरवून ठेवलंय. "अजून दहाच मिनिटं", "चला चला, थांबलात तर थंडी वाजेल", हे मी इतक्या लीडरांच्या तोंडून ऐकलंय! चालणाऱ्याला ऊब मिळते हे खरं, पण ज्याचा पाय अडखळू लागलाय, शब्द जड झालेत, ज्याने पाणी मागणंही सोडलंय, त्याच्या अंगात चालून ऊब आणायला काही उरलेलं नसतं. त्याला रेटत नेणं क्रूरपणा आहे. तो सगळ्यांत नवा असतो, पैसे भरून आलेला असतो, बॅचमध्ये कोणाला ओळखत नसतो. पन्नास-पन्नास जणांच्या बॅचमध्ये त्याच्या चेहऱ्याकडे बघणार कोण? मला या मोठ्या बॅचेसचा मनापासून राग आहे. दोन लीडर, एक पुढे, एक मागे, आणि मधली माणसं धुक्यात एकमेकांच्या पोंचोच्या रंगामागे चाललेली. लीडरला सगळ्यांची नावं माहीत नसतील तर त्याने तेवढी माणसं वर नेऊ नयेत.

शेल्टर म्हणजे जादू नाही, हेही सांगते. विजेपासून ते वाचवत नाही. कड्याखाली किंवा ओढ्याच्या पात्रात ते उघडायचं नाही, पावसात वरून दगड येतात आणि पाणी क्षणात चढतं. आत स्टोव्ह पेटवायचा नाही, अजिबात नाही; कापड पेट घेतं आणि विषारी वायू कोंडतो. अधूनमधून कड उचलून हवा घ्यायची. बाहेरून मागवायला महाग वाटलं तर तंबू-सॅक शिवणाऱ्याकडून शिवून घ्या. मोठी ताडपत्रीसुद्धा काहीच नसण्यापेक्षा बरी.

पावसाळ्याच्या पहिल्याच ट्रेकला, पायथ्याच्या गावात चहा झाला की सगळ्यांना एकदा शेल्टरमध्ये बसवा. कोणी कुठली कड धरायची ते तिथेच कळू दे. वर वाऱ्यात ओरडून समजावता येत नाही. सॅकमध्ये ते डब्यांच्या खाली नको, सगळ्यांत वर हवं. आणि एक शेल्टर शेवटून चालणाऱ्या लीडरकडेही द्या, कारण ज्याला त्याची गरज पडते तो बहुतेक वेळा मागेच राहिलेला असतो.