चूक इंग्रजीत, मूळ मराठीत

पहिल्या वर्षी वर्गात उभा राहून मी म्हणालो, "आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू मंथ्स." वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. विचारणार कोणाला?

यंदा ग्रंथालयात आयईएल्ट्स परीक्षेचे पुस्तक चाळताना त्या चुकीचा विचार करू लागलो. मराठीत आपण 'सोमवारपासून' म्हणतो, तसेच 'दोन महिन्यांपासून'ही म्हणतो. एकच 'पासून' दोन्ही कामे करतो. इंग्रजीत आरंभ सांगायला 'सिन्स', तर कालावधी सांगायला 'फॉर'. शिवाय आपला 'राहतो' हा साधा वर्तमानकाळ तिथे चालत नाही. 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू मंथ्स' असे म्हणावे लागते. 'मी शिक्षक आहे' यात उपपद नाही, म्हणून आपण 'आय अॅम टीचर' म्हणतो आणि 'ए' विसरतो. आपण विषया'वर' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे नको असलेला 'अबाउट' येतो.

म्हणजे या चुका मूर्खपणाच्या नाहीत. आपण मनात मराठी वाक्य रचतो, त्याची ही खूण आहे. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी पोळी खाल्ली' यांत कर्माप्रमाणे क्रियापद बदलते. हे आपण शाळेत जाण्याआधीच बिनचूक बोलतो. मग 'ही गोज'मधला एक 'स' आपल्याला का जड जावा?

म्हणून माझे मत असे की, नियमांची घोकंपट्टी करण्यापेक्षा मराठी आणि इंग्रजी वाक्ये शेजारी मांडून फरक शोधावा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी मराठी माणसाला हीच वाट दाखवली होती.

आणखी एक गोष्ट. आयईएल्ट्सच्या लेखनात गुणांचे 4 निकष असतात. व्याकरण त्यांतील एक. तिथेही अचूकतेबरोबर वाक्यरचनेतील विविधता पाहतात. चुकण्याच्या भीतीने जो फक्त तीन-तीन शब्दांची वाक्ये लिहितो, त्याचेही गुण जातात. भीती अशी दोन्हीकडून नडते.

गुरुजनांना नम्र विनंती आहे, चूक दाखवताना तिचे मराठी मूळही दाखवा. आणि मित्रहो, चुकणाऱ्याला हसू नका. तुमच्या एका हसण्याने माझे एक वर्ष मुके गेले.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला