दिवाळीचा सुगंधी साबण घरच्या घरी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांतल्या कर्त्या माणसांचा दिवस वजन, माप आणि तापमान यांच्या हिशेबात गेला. स्वयंपाकघरात मात्र गृहिणीचा हातचा अंदाजच खरा! चिमूटभर मीठ, मूठभर डाळ, पळीभर तेल. सुगंधी साबण बनवण्याच्या छंदाला साहित्य बरेचसे स्वयंपाकघरातले लागते, पण शिस्त पाळावी लागते ती कारखान्याची.

कारण सोपे आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, तर तितक्याच तिळाच्या तेलाला साडेतेरा ग्रॅम पुरतो. सोडा जास्त झाला तर साबण त्वचा पोळतो, फार कमी पडला तर चिकट राहतो. म्हणून वाटी-चमच्याचे माप इथे चालत नाही. पाणी आणि तेलही वजनकाट्यावरच मोजावे.

साहित्य : खोबरेल तेल ३०० ग्रॅम, तिळाचे तेल २०० ग्रॅम, शुद्ध कॉस्टिक सोडा ७६ ग्रॅम, पाणी १६० ग्रॅम, त्वचेला चालणारे सुगंधी तेल १५ ग्रॅम. तिळाऐवजी तेवढेच मोहाचे तेल घेता येते. छत्तीसगडात ते डोरीचे तेल म्हणून ओळखले जाते. दुसरे कोणतेही तेल घेतल्यास सोड्याचा हिशेब नव्याने करावा.

कृती : मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे, खिडकी उघडावी, हातमोजे आणि चष्मा घालावा. स्टीलच्या भांड्यातल्या थंड पाण्यात सोडा थोडा थोडा घालत ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. ॲल्युमिनियमचे भांडे तर मुळीच नको, सोडा ते खातो. पाणी आपोआप कढत होते. ते आणि तेल, दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आले की सोड्याचे पाणी तेलात ओतून हँड ब्लेंडरने घुसळावे. पळीतून पडणारी धार मिश्रणावर क्षणभर तरंगली की सुगंध मिसळून साच्यात ओतावे. एक-दोन दिवसांनी, हातमोजे घालूनच, वड्या कापाव्यात.

थेंब अंगावर उडाला तर लिंबू-व्हिनेगर न चोळता वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास तसेच धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नयेत.

सुगंधासाठी चंदन, वाळा, गवती चहा यांची तेले आहेतच. उटण्याचा बारीक दळलेला मसालाही थोडा घालता येतो. ताज्या मोगऱ्याच्या पाकळ्यांचा मोह मात्र टाळावा, त्या काळ्या पडतात. हळद घातली तर साबण पिवळा न होता लालसर होईल. हळदीला चुना लागला की कुंकू होते, तशातलाच हा प्रकार.

मुलांना सोबत घ्यायचे असेल तर बाजारातला तयार साबणाचा बेस मोठ्यांनी वितळवून द्यावा. रंग, सुगंध आणि साचे मुलांवर सोपवावेत. त्यात कच्च्या सोड्याशी गाठ पडत नाही.

कापलेल्या वड्या हवेशीर जागी चार ते सहा आठवडे वाळू द्याव्यात. गणपती विसर्जनाच्या दिवशी ओतलेला साबण बरोबर नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला तयार होतो! पावसाळी हवेत वड्यांना घाम येतो, तेव्हा त्या आलटून-पालटून ठेवाव्यात.

शेजारणी कौतुक करतील, विकत मागतील. विक्रीचा विचार असेल तर आधी राज्याच्या औषध प्रशासनाकडे परवान्याची चौकशी करावी. ‘केमिकल नसलेला साबण’ असेही सांगू नये, कारण सोड्याशिवाय साबण होतच नाही. नीट मोजलेला सोडा वाळलेल्या वडीत उरत नाही, एवढेच. पहिल्या वर्षी तरी या वड्या घरच्यांसाठीच असू द्याव्यात. दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरातून येणारा तो वास कुणाच्या हातचा आहे, हे घरात कुणाला सांगावे लागणार नाही.